तक्त्यात नसलेली ओळ

मंडळी, या वेळी जरा भांडायचं आहे. कुणाशी? तर आमच्या पुतण्याशी. तो हे वाचतो असं त्याच्या बायकोने मला सांगितलंय, म्हणून चारचौघांत भांडतो. घरात भांडलो तर तो "हो काका, बरोबर आहे काका" म्हणतो आणि चहा पिऊन निघून जातो.

झालं असं की गेल्या आठवड्यात माझ्या फोनची काच फुटली. (सौ. म्हणते "पाडलात", मी म्हणतो "निसटला".) ही बातमी घरच्या ग्रुपवर गेली आणि अर्ध्या तासात पुतण्याचा निरोप हजर. नुकताच जाहीर झालेला एक फोन, त्याच्या शेजारी बरोबरीचे आणखी दोन, आणि खाली पंचवीस-तीस ओळींचा तक्ता. शेवटी शेरा: "काका, डोळे झाकून हाच घ्या. अठरा ओळींत पुढे आहे."

डोळे झाकून! माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नाही, आणि म्हणे डोळे झाकून!

मी उत्तर दिलं नाही. उठलो आणि कपाटातली जुनी फाईल काढली. मी कागद टाकत नाही, यावरून घरात मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं. पण त्या फाईलमध्ये याच पुतण्याने मे २००७ मध्ये ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणलेला असाच एक तक्ता निघाला. तेव्हा त्याला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि फोन घ्यायचा होता. तक्त्यात तीन रकाने: नोकिया एन ९५, सोनी एरिक्सन के ८००आय आणि ॲपलचा आयफोन.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एन ९५ नोकियाने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला जाहीर केला आणि मार्च २००७ मध्ये तो बाजारात आला. कंपनी त्याला फोन म्हणतच नव्हती, 'मल्टिमीडिया कॉम्प्युटर' म्हणत होती. वर सरकवला की आकड्यांची बटणं, खाली सरकवला की गाण्यांची बटणं. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस, वायफाय, ३.५ जी, टीव्हीला जोडायची सोय. सोनी एरिक्सनचा फोन वर्षभर जुना, कॅमेरा ३.२ मेगापिक्सेल, जीपीएस नाही, वायफाय नाही. आणि आयफोन? तो ९ जानेवारी २००७ ला जाहीर झाला होता, पण दुकानात यायचा होता (अमेरिकेत २९ जूनला आला). त्याचा कॅमेरा २ मेगापिक्सेल, व्हिडिओ घेता येत नाही, ३ जी नाही, जीपीएस नाही, चित्राचा मेसेज जात नाही, बाहेरचे प्रोग्रॅम टाकता येत नाहीत. पडदा आणि मेमरी या ओळी सोडल्या तर बिचारा जवळजवळ सगळीकडे नापास. पुतण्याने लाल पेनने एन ९५ भोवती गोल केला होता. किंमत माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या आसपास!

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोकियाने २०१३ मध्ये आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं. सोनी एरिक्सनमधून एरिक्सन २०१२ मध्ये बाहेर पडली आणि ते जोडनाव इतिहासजमा झालं. आणि तक्त्यात नापास झालेला विद्यार्थी कुठल्या कुठे गेला.

आता इथे पुतण्या म्हणेल, "म्हणजे काका, आयफोन घ्यायला हवा होता." नाही रे बाबा! ते माझं म्हणणंच नाही. त्या वेळी व्हिडिओ घ्यायचा असेल तर एन ९५च चांगला होता, यात शंका नाही. माझं भांडण कुठल्याच फोनशी नाही, तक्त्याशी आहे.

तेहतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. हजेरीपटावर 'उपस्थित' म्हणजे काय ते मला विचारा. शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेलाही उपस्थित, आणि पहिल्या बाकावर कान टवकारून बसलेलाही उपस्थित. तक्त्यातलं 'आहे' तसंच. 'इंटरनेट: आहे' असं तिन्ही रकान्यांत होतं. पण बोटाने पान सरकवून अख्खं वाचता येणं आणि बटणं दाबत दाबत ओळ शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक. तो लिहायला तक्त्यात जागाच नव्हती. आयफोन पुढे गेला तो नेमका त्या जागा नसलेल्या गोष्टीवर.

आकड्यांचंही तेच. ५ मेगापिक्सेल आणि ३.२ मेगापिक्सेल, म्हणजे पाचवाला हुशार? पण के ८००आयला खऱ्या कॅमेऱ्यासारखा झेनॉन फ्लॅश होता, एन ९५ला एलईडीचा दिवा. रात्रीच्या वरातीत नाचणाऱ्या माणसाचा फोटो ३.२वाला चांगला काढायचा. एन ९५मध्ये जीपीएस 'आहे' खरं, पण सुरुवातीला उपग्रह सापडेपर्यंत मिनिटामागून मिनिटं जायची. ते लवकर सापडण्याची सोय नंतर सॉफ्टवेअर बदलून आली. आणि एवढा सगळा संसार चालवायला बॅटरी ९५० एमएएचची! हा आकडा तक्त्यात होता. पण दुपारी चारला काय होईल, हे आकड्यावरून कुणी ओळखायचं?

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ३.५ जी. या ओळीत आमच्या पुतण्याने एन ९५ला भरघोस गुण दिले. अरे, २००७ साली भारतात ३ जी होतं कुठे? एमटीएनएलने दिल्लीत सुरू केलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि खासगी कंपन्यांचा लिलाव झाला २०१० साली. म्हणजे गावात नदी नाही आणि पोहण्याचे गुण!

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही.

२०१२ सालची गोष्ट. निवृत्तीनंतर मुलाने मला एक चांगला महागाचा फोन घेऊन दिला. असाच तक्ता लावून, पहिला नंबर बघून. कंपनीचं नाव कशाला घ्या. आमचा दादा गावी असतो, संगमेश्वरच्या पलीकडे. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन. त्यावर तो मराठीतून मेसेज करायला शिकला होता, तोही वयाच्या सत्तरीजवळ. त्या मे महिन्यात त्याचा मला मेसेज आला. उघडला तर नुसते चौकोन. एकाशेजारी एक रिकामे चौकोन, वर्गात मुलंच न आल्यावर बाकं दिसावीत तसे.

आता सरळ माणसाने काय करावं? फोन उचलावा आणि म्हणावं, "दादा, वाचता येत नाही, काय लिहिलंयस?" पण मला लाज वाटली. त्याच्या स्वस्तातल्या फोनला मराठी येतं आणि माझ्या भारी फोनला येत नाही, हे तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने कसं सांगायचं? मी ठोकून दिलं, इंग्रजीत: 'ओके'. दादा नेहमीसारखी खुशाली विचारत असेल असं गृहीत धरून.

गणपतीला गावी गेलो. विहिरीकडे वळलो तर आभाळ एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. फणस नव्हता. आमच्या वडिलांनी लावलेला, ज्याच्याखाली आम्ही दोघं पाढे म्हणायचो, तो फणस. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "लाकूडवाला आला होता. तुला विचारलं ना मेसेज करून? तूच ओके म्हणालास की."

मी काय बोलणार? आजतागायत मी दादाला चौकोनांचं सांगितलेलं नाही. आता हे कुणी वाचून दाखवलं तर कळेल. कळू दे.

तर पुतण्या, मला सांग. त्या तक्त्यात 'मराठी वाचता येतं का?' ही ओळ का नव्हती? तांत्रिक अडचण होती म्हणू नकोस. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली १९९१ साली, म्हणजे एन ९५च्या पंधरा वर्षं आधी. बरहा आणि गमभन वापरून आम्ही मंडळी कॉम्प्युटरवर मराठी लिहीत होतोच. तरी अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट दाखवायची सोय आली २०११च्या चौथ्या आवृत्तीत, आणि ती आवृत्ती लोकांच्या हातात पोचायला आणखी वेळ गेला. साध्या एसएमएसमध्येसुद्धा बघा. इंग्रजीला १६० अक्षरं, मराठीला ७०. त्यातही मात्रा वेगळी, पाय मोडला की तो वेगळा. 'स्त्री' हे आपल्याला एक जोडाक्षर दिसतं, पण फोन सहा मोजतो. म्हणजे मराठीत बोलायचं तर दुपटीने पैसे मोजा! ही ओळ मी एकाही तक्त्यात पाहिली नाही.

विसरली म्हणून ती ओळ नव्हती असं नाही. कुणी विचारलीच नाही म्हणून नव्हती. जो महागाचा फोन घेतो त्याचं सगळं इंग्रजीत चालतं, हे विकणाऱ्याने गृहीत धरलं आणि विकत घेणाऱ्याने, म्हणजे आपण, ते मान्य केलं. स्वस्त फोनला मराठी हवी, कारण तो गावात विकायचाय. भारी फोनला कशाला? हा भेदभाव तेव्हा आपल्यातल्या कुणालाच खुपला नाही. मलाही नाही, फणस जाईपर्यंत. शेवटी २०१६ साली केंद्र सरकारला नियम काढावा लागला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सगळ्या बावीस भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. जे गिऱ्हाइकाने दुकानात मागायचं ते सरकारकडून यावं लागलं. आपण मात्र मेगापिक्सेल मोजत बसलो होतो.

"पण काका, आता सगळ्या फोनवर मराठी येतं. मग जुनी मढी कशाला उकरता?"

अरे, ओळ आली, पण प्रश्नपत्रिका अजून तोच काढतोय! ज्याला माल विकायचाय तोच प्रश्न ठरवतो, तोच गुण देतो, आणि आपण पहिल्या नंबराला पेढे वाटतो. तुझ्या परवाच्या तक्त्यात कॅमेऱ्याच्या सहा ओळी होत्या. फोनवर बोलताना समोरच्याचं नीट ऐकू येतं का, याची एकही नव्हती. माझं वय पंच्याहत्तर. मी फोन कशासाठी घेतो असं तुला वाटतं? बॅटरी मरेल तेव्हा काय करायचं, ही ओळ नव्हती. एन ९५ची बॅटरी मागचं झाकण नखाने काढून बदलता यायची. आता त्यासाठी कारागीर लागतो. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गिऱ्हाइकाला स्वतः बॅटरी बदलता येईल असं उपकरण बनवण्याचा कायदा लागू व्हायचाय, म्हणजे तिथेही कुणालातरी ही ओळ नसल्याचं खुपलं. सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं मिळणार, हे अगदी तळाला बारीक अक्षरांत होतं. भिंग घेऊन वाचलं.

म्हणून या वेळी प्रश्नपत्रिका मी काढलीय. दुकानात घेऊन जाणार आहे, विक्रेता हसला तरी चालेल. एक: सौ.ला रस्त्यावर उभी करून फोन लावणार, तिचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. दोन: अक्षर मोठं केल्यावर शब्द पडद्याबाहेर पडता कामा नयेत. तीन: बॅटरी बदलायला किती दिवस आणि किती रुपये, हे कागदावर लिहून द्या. चार: किती वर्षं सांभाळणार, तेही लिहून द्या. पाच: 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द मला टाइप करून दाखवा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या असतात डोंगरात. हा ऱ्य मराठीचा खास, हिंदीत लागत नाही, म्हणून निदान मला तरी आताच्या फोनवर तो शोधावा लागला. ज्याला समुद्र आणि डोंगर यातला फरक कळत नाही त्याला 'मराठी: आहे' म्हणून मी गुण देणार नाही.

तुम्हीही आपापली प्रश्नपत्रिका काढा, एवढंच मागणं आहे. दृष्टी अधू असलेल्याची वेगळी असेल, रिक्षावाल्याची वेगळी, परदेशातल्या नातवंडांशी बोलणाऱ्या आजीची वेगळी. तक्ता वाचा, पण नंतर. आधी स्वतःचे प्रश्न लिहा. आणि ज्या ओळीत तुमचं काही अडत नाही तिथे शंभर गुण मिळाले तरी ते शून्य धरा.

दादाने त्याच जागी दुसरा फणस लावलाय. हल्ली धरायला लागला. पहिला कापा होता, हा बरका निघाला. तक्त्यात दोन्ही वेळा 'फणस: आहे' असंच आलं असतं. ज्याने दोन्ही खाल्लेत त्याला विचारा.

असो. फार लांबलं. पुतण्या, शनिवारी दुपारी दुकानात जायचंय, गाडी घेऊन ये. तुझा तक्ताही आण, मागची बाजू कोरी असेल तर त्यावर उत्तरं लिहून घेऊ.