पिकअपमागे तीन गाड्यांची ट्रॉली: आधी वहीत ओढा, मग रस्त्यावर



गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला वर्गात, दुकानात, फोनवर सारखा येतोय. "सर, माझ्याकडे पिकअप आहे. मागे दोन-तीन कार बसतील अशी ट्रॉली लावून नागपूरहून सेकंड हॅन्ड गाड्या आणायचा धंदा सुरू करू का? ट्रॉली कोणती घेऊ?" व्हिडिओत मी यावर थोडं बोललो होतो, पण आकडेमोड तिथे नीट दाखवता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. आपल्याकडच्या पिकअपमागे तीन गाड्यांची ट्रॉली लावू नका. दोन गाड्यांचीही नको. आपल्या भागात या कामातून पैसा मिळतो, पण तो दुसऱ्या रस्त्याने मिळतो. का, ते बघू.

ही आयडिया येते कुठून?

मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ दिसतात. एक माणूस, एक पिकअप, मागे लांबलचक ट्रेलर आणि त्यावर तीन कार. महिन्याला एवढे डॉलर कमावतो म्हणे. बघून वाटतं, पिकअप तर आपल्याकडेही आहे!

इथेच गडबड होते. त्यांची पिकअप आणि आपली पिकअप यांचं फक्त नाव सारखं आहे. तिकडे हे काम फोर्ड एफ-३५० सारख्या गाड्या करतात. ६.७ लिटरचं डिझेल इंजिन, चारशेच्या वर हॉर्सपॉवर, अनेकदा मागे चार टायर. ट्रेलरचा हूक बंपरला नसतो, तो डाल्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेला असतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. आणि गाडी-ट्रेलर मिळून ठरावीक वजनाच्या वर गेले, तर तिकडेही वेगळं व्यावसायिक लायसन्स लागतं.

आपली बोलेरो पिकअप अडीच लिटर इंजिनची, शंभरच्या आतली हॉर्सपॉवर. बोलेरो असो, टाटा योद्धा असो की इन्ट्रा, मॉडेलप्रमाणे साधारण सव्वा ते दोन टन माल डाल्यात वाहायला त्या बनवल्या आहेत. धानाची पोती, सिमेंट, भाजीपाला या कामाला उत्तम गाडी. मागून ओढण्याचं काम वेगळं असतं.

वजनाचा हिशोब

वही काढा.

एक स्विफ्ट धरा ९०० किलोची. तीन झाल्या २,७०० किलो. तीन गाड्यांची लोखंडी ट्रॉली रिकामीच दोन टनांच्या आसपास जाते. म्हणजे मागे झाले ४,७०० किलो. पुढे तुमची पिकअप रिकामी साधारण पावणेदोन टनांची. मागचा भार पुढच्या गाडीच्या अडीच पटीपेक्षा जास्त!

आता ब्रेक मारा. पुढची गाडी थांबते, मागची थांबत नाही. ती ढकलते. वळणावर असाल तर ट्रॉली बाजूने फिरून पिकअपलाच आडवं करते.

दुसरा मुद्दा हूकवरच्या भाराचा. बंपरच्या हूकवर ओढायच्या ट्रॉलीचं साधारण १० ते १५ टक्के वजन हूकवर यावं लागतं. त्यापेक्षा कमी आलं तर वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. ४,७०० किलोचे १० ते १५ टक्के म्हणजे ४७० ते ७०५ किलो. एवढा भार पिकअपच्या अगदी मागच्या टोकाला लटकला की मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग रस्त्याला धरत नाही. कोहमाऱ्याहून साकोलीकडे जाताना जंगलाचा पट्टा लागतो. तिथे रात्री समोर रानडुक्कर आलं, तर त्या क्षणाला तुमच्या हातात काहीच नसतं.

"पण सर, अमक्याने गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतली, मस्त चालते." चालत असेल. रिकाम्या, सपाट रस्त्यावर सगळंच चालतं. ट्रॉलीची परीक्षा उतारावर आणि अचानक मारलेल्या ब्रेकवर होते.

कागदांचा हिशोब

काही जणांना वाटतं आरटीओ म्हणजे फक्त एमएच-३५ चं पासिंग. तेवढ्यावर भागत नाही.

पहिलं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचीही गाडीसारखीच नोंदणी करावी लागते. वेल्डिंगवाल्याच्या ट्रॉलीला मंजूर डिझाइन नसतं, मग पासिंग कसं होणार?

दुसरं, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय ते मनाने बदलता येत नाही. मालकाने बेकायदा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तिसरं, ओव्हरलोड. कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचाच. कार रस्त्यात उतरवून घ्यायची म्हणजे काय, विचार करा.

चौथं, परमिट. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. बंद पडलेली गाडी टोचन करून नेणाऱ्या वाहनालाही कलम ६६ मध्ये सूट आहे. पण डीलरच्या चालू गाड्या भाड्याने वाहणं हे टोचन नाही. आणि आपण तीन राज्यांच्या तोंडावर बसलोय. बालाघाटला गेलात की मध्य प्रदेश, राजनांदगावला गेलात की छत्तीसगड. आजूबाजूचं गिऱ्हाईक हवं असेल तर परमिटचा विचार गाडी घेण्याआधी करा.

लायसन्सच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं. म्हणजे छोट्या रिकव्हरी गाडीला वेगळ्या लायसन्सवाला ड्रायव्हर शोधत बसायला नको.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती जवळपास कोणीच विचारत नाही: विमा. तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. तुमच्या ट्रॉलीवर चढवलेली गिऱ्हाईकाची कार तुमच्या ताब्यातला माल ठरते. ती पडली, घासली, जळली, तर तो विमा ती भरून देत नाही. त्यासाठी वाहतूकदाराच्या जबाबदारीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आठ लाखांची कार खाली पडली आणि पॉलिसी नसली, तर धंदा त्याच दिवशी संपतो. बापाच्या नावावरची शेती गहाण असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता खरा प्रश्न: गिऱ्हाईक का देईल?

वजन, कागद सगळं जमलं असं समजू. तरी धंदा होतो का?

गोंदियाहून नागपूर साधारण १७० किलोमीटर. डीलरला नागपूरहून एक चालू स्विफ्ट आणायची आहे. तो काय करतो? ड्रायव्हर पाठवतो. १८ च्या ॲव्हरेजने साडेनऊ लिटर पेट्रोल, १०५ च्या भावाने हजार रुपये. ड्रायव्हरचे ८००. जायचं रेल्वेचं जनरल तिकीट, चहा-नाश्ता आणि टोल मिळून ४०० धरा. झाले २,२००. म्हणजे तो तुम्हाला फार तर ३,००० देईल. तेही गाडीचे किलोमीटर वाढू नयेत म्हणून.

आता तुमचा खर्च. १० लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता जवळपास २१,७५०. ड्रायव्हर १५,०००. विमा, टॅक्स, टायर, सर्व्हिसिंग मिळून ६,२५० धरा. महिन्याचा बांधील खर्च ४३,००० रुपये. गाडी उभी राहिली तरी हा खर्च चालू.

नागपूर जाऊन-येऊन ३४० किलोमीटर. दोन कार लादून ८ चं ॲव्हरेज धरलं तर साडेबेचाळीस लिटर डिझेल, ९२ च्या भावाने ३,९०० रुपये. टोल-जेवण ६००. मिळाले ६,०००, उरले १,५००. बांधील खर्च काढायला महिन्याला २९ फेऱ्या! रविवारची सुट्टीसुद्धा नाही.

तीन कार घ्या. ॲव्हरेज ६ वर येईल, डिझेल ५,२००, टोल ६००. मिळाले ९,०००, उरले ३,२००. फेऱ्या लागतील १४. "बघा सर, तीनवालीच परवडते!" बरोबर. पण १४ फेऱ्या गुणिले ३ म्हणजे महिन्याला ४२ गाड्या. तुमच्या ओळखीचे डीलर मिळून महिन्याला ४२ गाड्या तुम्हालाच देतील का? लेखी देतील का? आणि तेवढ्या मिळाल्या तरी तुम्ही पोहोचलात फक्त बरोबरीला. नफा ४३ व्या गाडीपासून.

नव्या गाड्यांच्या मागे लागू नका. लांबच्या पल्ल्याच्या नव्या गाड्या मोठ्या कार कॅरियरने आणि रेल्वेच्या खास डब्यांतून येतात. मारुतीने तर त्यासाठी २०१३ मध्येच रेल्वेकडून मालगाडी चालवायचं लायसन्स घेतलं. त्या दराला आपण पोहोचू शकत नाही.

मग पैसा कुठे आहे?

जी गाडी स्वतःच्या चाकावर येऊ शकत नाही, तिच्यात. तिथे ड्रायव्हर पाठवून भागत नाही. इंजिन बंद, ॲक्सल तुटलेला, अपघात झालेला, पाण्यात गेलेली, लॉक झालेली ऑटोमॅटिक. रात्री दोन वाजता देवरीच्या पुढे गाडी बंद पडली आणि आत घरची मंडळी असली, तर माणूस भावावर घासाघीस करत नाही. तो विचारतो, "दादा, किती वेळात पोहोचता?"

हिशोब करा. जाऊन-येऊन ६० किलोमीटरचा एक कॉल. साडेसात लिटर डिझेल, ७०० रुपये. हेल्पर ५००. घेतले ३,०००, उरले १,८००. ४३,००० काढायला महिन्याला २४ कॉल. दिवसाला एकही नाही. आणि कॉल देणारे ठरलेले असतात: गॅरेज, शोरूमची वर्कशॉप, विम्याची रोडसाइड सेवा देणाऱ्या कंपन्या, हायवेवरचे ढाबेवाले. डीलरकडच्या बंद गाड्याही यातच येतात.

म्हणून घ्यायचीच असेल तर टाटा ४०७ किंवा आयशरच्या छोट्या चॅसिसवर कंपनी-मंजूर बॉडीची सरकती फ्लॅटबेड घ्या. दोन गाड्या एकदम आणायचा हट्टच असेल, तर मागे चाक-लिफ्ट असलेली घ्या. एक कार वर, दुसरीची पुढची चाकं उचलून मागे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कार पुढच्या चाकांवर चालतात, त्यांना हे जमतं. फोर बाय फोर आणि इलेक्ट्रिक गाडी मात्र नेहमी वरच.

घेताना हे तपासा:

- आरसीवरच्या एकूण वजनातून गाडीचं रिकामं वजन वजा करा. उरलेल्यात सर्वात जड गिऱ्हाईक बसतं का? स्कॉर्पिओ पावणेदोन टनांच्या पुढे जाते.
- प्लॅटफॉर्म किती तिरपा होतो? चढ जास्त असला की सेडानचा बंपर घासतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं.
- विंच फक्त सपाट रस्त्याच्या हिशोबाने घेऊ नका. बांधीतल्या चिखलात रुतलेली गाडी तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ मागते.
- चारही चाकांना रॅचेट बेल्ट. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत आवळायचे. साखळी आणि दोरीवर भागवू नका.
- चढवण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ. आधीचा ओरखडा नंतर तुमच्या नावावर येतो.

ट्रेलर कधीच नाही का?

असं मी म्हणत नाही. दोन-तीन यार्डांचं पक्कं काम हातात असेल, ओढणाऱ्या गाडीला कंपनीची ओढायची परवानगी असेल, ट्रेलर दोन ॲक्सलचा, स्वतःच्या ब्रेकचा आणि पासिंगचा असेल, तर जरूर घ्या. पण तेव्हा पुढे पिकअप नसेल, मोठी गाडी असेल. आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवर कार लादून भाडं मारायचा जुगाड करू नका. शेतीच्या नावावर पास झालेली ट्रॉली भाड्याच्या कामात सापडली की विमा कंपनी हात वर करते.

माझे आकडे गोंदियाचे आणि अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला. पुढचे सात दिवस एक काम करा: तुमच्या तीस किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक गॅरेजवाल्या काकाला, भाऊला भेटा आणि विचारा, गेल्या महिन्यात किती गाड्या टोचन होऊन आल्या, कोणी आणल्या, किती घेतले. नावासकट वहीत लिहा. बेरीज महिन्याला २४ च्या बरीच पुढे गेली, तर वही घेऊन बँकेत जा. खाली राहिली, तर तुमची पिकअप धान वाहतेच आहे. ते काम सोडू नका.