गिझर सुरू होत नाही, तेव्हा

सोलापूर म्हटले की उन्हाळाच डोळ्यांसमोर येतो. परंतु डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा येथील घरांनाही चुकत नाही. पूर्वी परसदारी तांब्याचा बंब पेटे. त्याचा धूर दिसे, डोळे चुरचुरत, त्यामुळे जाळापासून आपण आपोआपच अंतर राखून असू. आता अनेक घरांत तो जाळ गॅस गिझरच्या रूपाने बंद न्हाणीघरात आला आहे आणि त्याचा धूर दिसत नाही. म्हणून गिझरच्या तक्रारीविषयी आरोग्याच्या या स्तंभात लिहिणे भाग आहे.

गॅस गिझर मुळीच पेटत नसेल, तर प्रथम साधी कारणे पाहावीत. बहुतेक गिझरमध्ये ठिणगी सेलवर पडते. नळ उघडल्यावर ‘टक्-टक्’ असा आवाज येत नसेल किंवा तो क्षीण असेल, तर सेल बदलावेत. पाण्याला पुरेसा जोर असल्याशिवाय गिझरमधील गॅसचा मार्ग उघडत नाही. आपल्याकडे अनेक भागांत पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. टाकीचा तळ गाठला की जोर कमी होतो आणि गाळाने जाळीही तुंबते. तिसरे म्हणजे सिलिंडर संपला आहे का, हे पाहावे. गृहस्थाने पाहावयाचे ते एवढेच. त्यापुढे यंत्र उघडणे हे कारागिराचे काम. गॅसचा वास येत असेल, तर विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

गिझर पेटून मध्येच आपोआप विझत असेल, तर अधिक सावध व्हावे. अनेक गिझरमध्ये हवेतील ऑक्सिजन घटल्यास ज्योत विझवणारी योजना असते. अशा वेळी ते यंत्र बिघडलेले नसून आपल्याला बाहेर पडण्यास सांगत असते. ही योजना काढून टाकण्याचा आग्रह कारागिराकडे कधीही धरू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांतील त्राण जाणे ही त्याची लक्षणे. आपण मात्र ती पित्तावर किंवा उपाशीपोटीच्या अशक्तपणावर ढकलतो. एकामागोमाग स्नान केलेल्या दोघांचे डोके दुखू लागले, तर शंका घ्यावी. रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, 108 ला दूरध्वनी करावा आणि घरी गॅस गिझर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. विषबाधा असतानाही तो आकडा चांगला दाखवू शकतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे सर्वांत उत्तम. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे.

विजेच्या गिझरचा खटका पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो दाबून धरू नये. कठीण पाण्याच्या क्षारांचा थर कॉइलवर साचतो, ती तडकते आणि वीज पाण्यात उतरू शकते. पेटीतील आरसीसीबी 30 मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीवरही वीज तोडतो, तो आपला जीव वाचावा म्हणूनच. कारागीर येईपर्यंत गिझर बंदच असावा.

अशा सकाळी घरात हमखास पाणी तापवण्याचा रॉड निघतो, किंवा उकळत्या पाण्याचे पातेले लहान मुलांमधून वाट काढत न्हाणीघराकडे जाते. रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. पातेले नेण्यापूर्वी मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावे आणि बादलीत गार पाणी आधी ओतावे. तरीही भाजलेच, तर तो भाग 20 मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये.

एक दिवस स्नान चुकल्याने प्रकृतीचे काहीही बिघडत नाही. घरातील वृद्धांना व हृदयरुग्णांना त्या दिवशी गार पाण्याचा आग्रह करू नये. कोमट पाण्यात पिळलेल्या टॉवेलने अंग पुसून द्यावे. तेवढे पुरेसे आहे.