छपरातली खिडकी
परवा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या जुन्या वस्तीतून जाताना कवेलूच्या उतरत्या छपरातून डोकं वर काढलेली एक खिडकी दिसली: वर स्वतःचं इवलंसं छप्पर, सागवानी चौकट, गंजलेली कडी. तुम्ही म्हणाल, त्यात विशेष ते काय? मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे धावू लागला की विशेष कळतं. तापलेली हवा वर चढते, माळ्यावर कोंडते. तिला वाट हवी ती तिथेच, उंचावर. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. आता कवेलू फेरणारे मिळेनात, म्हणून टिनपत्रे आले आणि सगळ्यात आधी ही खिडकी बुजली. खालच्या कूलरने वरची भट्टी विझत नाही, आणि वीज गेली की तोही मुका. तेव्हा मंडळी, टिनाचं घर खुशाल बांधा; पण वरच्या हवेला वाट ठेवल्याशिवाय मिस्त्रीचा हिशेब चुकता करू नका.