रक्त कमी का, हे ताटाला विचारणारी डॉक्टर

गरोदरपणात बाई पांढरी पडली की आपल्या वस्तीत म्हणतात, "तिच्या अंगात रक्तच नाही." जणू ती जन्मतःच तशी आली! आम्हाला हे बोलणे खटकते. रक्त रोज नवे तयार होते. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तिच्या जागी नवी पेशी हाडांच्या मगजात घडत राहते. ती घडायला माल लागतो. हा माल कोणता, याचा एक मोठा शोध मुंबईतल्या गरीब बायांच्या ताटावरून लागला.

तो लावला डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज बाईने. 1928 साली त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. विल्सबाईंनी आधी जंतूंची शंका तपासली. ती टिकली नाही. मग कोण काय खाते, कशी राहते, याची पाहणी केली. ज्या बायांचे जेवण सर्वांत निकस, त्याच सर्वांत जास्त आजारी. त्यांत गरीब मुसलमान बाया पुढे होत्या.

तो काळही ध्यानात घ्या. जुलै 1928 मध्येच बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 मध्ये तो कायदा झाला.

पुढे विल्सबाईंनी तशाच निकस आहारावर माकडे ठेवली. त्यांनाही पांडुरोग झाला, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, दिल्यावर तो बरा झाला. आजारी बायांनाही त्याचा गुण आला. 1931 मध्ये त्यांनी हे छापले. अर्कात नेमके काय आहे ते तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला गेला. पानातून मिळाला म्हणून नाव पडले फॉलिक ॲसिड. पेशीला एकाची दोन व्हायला ते लागते. ते नसेल तर पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. लोह कमी पडले तर उलटे होते, पेशी लहान आणि फिकी राहते.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी फुकट मिळते, तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. फुकट म्हणून ती हलकी समजू नका. शौचाला काळे होते म्हणून गोळ्या टाकून देणाऱ्या घरांना आमचे सांगणे आहे की ते काळेपण लोहाचे आहे, त्याने अपाय होत नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, चहाबरोबर मात्र घेऊ नका.

पण गोळी वाटली की काम संपले, हा सरकारी हिशेब आम्हाला मान्य नाही. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 57 बायांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच पाहणीत आले आहे. रोजंदारी बुडाली की आधी कोणाचे ताट रिकामे होते? सगळ्यांना वाढून तळाचा रस्सा खाणारी सून अजून किती घरांत आहे? हे दादा-भाऊंनीच पाहायचे आहे. मेथी, चवळी, हरभरा, शेंगदाणे तिच्या वाट्याला आधी यावेत. पालेभाजी उकळून पाणी फेकले की त्यातले फॉलिक ॲसिडही बरेचसे मोरीत जाते.

आणि सगळा रक्तक्षय एकाच कारणाचा नसतो. तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहून मागा. गरोदरपणी तो 11 च्या खाली नको. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही चढला नाही, तर जंत, बी-12 आणि सिकलसेलची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. विदर्भातल्या आपल्या घरांनी सिकलसेलची तपासणी तर लग्नाआधीच करून घ्यावी.