हा कॉलम गेला कुठे?

रिसेल फ्लॅट बघताना आपण मॉड्युलर किचनवर फिदा होतो, वर बघतच नाही. परवा पुण्यात एका हॉलमधला बीम मध्येच संपत होता, खाली आधार काहीच नाही! एजंट म्हणे, ‘‘मॅडम, ओपन लुक आहे.’’ मी खालच्या मजल्यावर बेल वाजवली. तिथे त्याच जागी जाडजूड कॉलम!

असं दिसलं की वाद घालू नका. फोटो काढा, मंजूर नकाशा मागा, टोकन देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. सोसायटीकडे ऑडिट रिपोर्टही मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. ‘बघतो, देतो’ असं उत्तर आलं, तर सरळ दुसरा फ्लॅट बघा. ईएमआय आपणच भरणार ना?