परीक्षक कनेरगावचे

‘भाऊजी, पोरगी नेमकं काय शिकायलीय, ते तुम्ही तरी सांगा,’ असे वहिनी गेली चार वर्षे मला विचारत आल्या आहेत. दादाचे घर कनेरगाव नाक्याला. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो, तिथले हे गाव. निजामाच्या राज्यात हद्दीवर मालाची करोडगिरी वसूल होई. गावाच्या नावाला चिकटलेला ‘नाका’ त्या दिवसांची आठवण देतो. तिथे मुलगी डॉक्टर झाली, शिक्षिका झाली, तलाठी झाली म्हटले की पुढे कुणी काही विचारत नाही. ‘डिझाइन’ म्हटले की बायका ब्लाउजचे माप घेऊन येतात!

परवा पुण्यात पुतणीच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या कामाचे प्रदर्शन भरले, तेव्हा दादा-वहिनी रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून आले. मीही सोबत गेलो. पांढऱ्या भिंती, वरून सोडलेले दिवे, प्रत्येक वस्तूपाशी सुबक छापलेला फलक. लहान मुलांसाठी लाकडी खेळणी होती, दृष्टिहीनांसाठी औषधाच्या डब्या होत्या, देवनागरीची एक नवी अक्षरमालिका होती. काही कामे खरोखर देखणी होती. काही मात्र फलक वाचूनही कळली नाहीत. दोष माझ्या वयाचा असेल.

पुतणीने मांडली होती कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी पिशवी. जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधून बायका दिवसभर वाकून कापूस वेचतात. ओटी भरत जाते तसा भार कमरेवर येतो. हा भार खांद्यांवर वाटला जावा म्हणून तिने दोन पट्ट्यांची, पुढे घ्यायची पिशवी शिवली होती. परीक्षकांनी वाखाणली होती. शेजारी पाटी होती : ‘कृपया वस्तूंना हात लावू नये.’

वहिनींनी ती पाटी वाचलीच नाही. त्यांनी पिशवी काढली, अंगात घातली आणि त्या गुळगुळीत फरशीवर वाकून दोन्ही हातांनी नसलेला कापूस वेचू लागल्या. दादा अंमळ ओशाळला. मुले गोळा झाली.

‘वाकलं की तोंड मिटतंय याचं. बोंडावरून हात आला की तोंड हुडकत बसायचं का?’ मग पट्टे चाचपत, ‘हे दोन्ही काढल्याबिगर रिकामी कशी करू? ओटीची गाठ सोडली की झालं. मजुरी किलोवर हाय, बाई. जेवढा येळ यात जाईल तेवढा कापूस कमी.’ शेवटी, ‘केवढ्याला पडंल?’ पुतणीने सांगितलेला आकडा ऐकून वहिनी हसल्या. ‘लुगडं फुकट असतंय.’

पुतणीचा चेहरा उतरला होता, पण तिने वही काढली होती. नंतर ती मला म्हणाली, ‘काका, सबमिशन मे महिन्यात. तेव्हा शेतात कापूस कुठला? मी पिशवीत जुन्या उशांचा कापूस भरून बघितला.’

मला त्या क्षणी एक जुना अहवाल आठवला. भारत सरकारने बोलावल्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक छोटासा अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये त्यातून उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत मनापासून वाखाणला तो आपला साधा लोटा. तो घडवायचा तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली आहे : तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, धरणारे हात केवढे, ओतायला कसा, किंमत किती. वहिनींनी दहा मिनिटांत यांतले निम्मे प्रश्न विचारले होते. त्यांनी ईम्सचे नाव ऐकलेले नाही.

आपल्याकडे हे शिक्षण काही कालचे नाही. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ पासूनचे, पवईच्या आय.आय.टी.तले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ चे. विद्यार्थ्यांनी खेड्याचा विषय घ्यावा, असे आता पुष्कळ शिक्षक आवर्जून सांगतात. पण चार दिवस जायचे, फोटो काढायचे, परत यायचे आणि निकाल शहरात लावायचा, ही रीत मला खटकते. जे.जे.चे विद्यार्थी १८७२ पासून ग्रिफिथ्ससाहेबांबरोबर वर्षानुवर्षे अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करीत होते. त्या नकला गेल्या लंडनला, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ तिथेच जळाल्या. मराठवाड्यात केलेले काम मराठवाड्याने पाहावे, असे तेव्हा कुणाला सुचले नाही. आज तरी सुचायला हरकत नसावी.

वहिनींचे सगळेच बरोबर, असेही मी म्हणणार नाही. कमरेवरचा भार त्यांनी इतकी वर्षे सोसला, म्हणून त्यांना तो दिसेनासा झाला आहे. तो पुतणीला दिसला, हे तिच्या शिक्षणाचेच फळ. म्हणून तर दोघींनी एकाच वस्तूपाशी उभे राहायला हवे. तेही गुण देऊन झाल्यावर नव्हे, आधी. ऐन वेचणीच्या दिवसांत, आठवडी बाजाराला, कनेरगावसारख्या एखाद्या नाक्यावर दोन टेबले टाकून ही पिशवी मांडायला किती खर्च येईल? दिवे नकोत, पांढऱ्या भिंती नकोत. आणि ती पाटी तर मुळीच नको.

संध्याकाळी प्रदर्शन आवरले. वस्तू खोक्यांत गेल्या. बहुतेक खोकी वसतिगृहाच्या माळ्यावर जातील. पुतणीने पिशवी घडी करून स्वतःच्या सामानात ठेवली. दिवाळीनंतर पहिल्या वेचणीला ती गावी येणार आहे. बस सुटताना वहिनींनी खिडकीतून बजावले, ‘येताना दोन आण. शेजारणीलाबी घालून बघू. अन् पट्ट्याचं ते बघ आधी.’