गच्चीवरचं हिरवं छत: भीती खरी, निष्कर्ष चुकीचा

सोसायटीच्या सभेत जुन्या इमारतीच्या गच्चीवर हिरवं छत, म्हणजे झाडांचा उथळ थर, करायचा विषय निघाला, की तो दोन शब्दांत गुंडाळला जातो: वजन आणि गळती. दोन्ही भीती निराधार नाहीत. त्यांवरून काढलेला ‘म्हणून नकोच’ हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी वजन. भारतीय मानक आयएस ८७५ वापरातल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतं. बागेतली माती अर्धा फूट पसरली आणि पावसात चिंब झाली, तर तेवढ्याच जागेवर अडीचशे किलोंच्या आसपास ओझं पडतं. इथपर्यंत आक्षेप घेणाऱ्याचं गणित बरोबर आहे; चूक गृहीतकात आहे. उथळ हिरव्या छतावर बागेतली माती टाकतच नाहीत. कोकोपीट, परलाइट, विटांचा चुरा अशा हलक्या मिश्रणाचा आठ-दहा सेंटीमीटरांचा थर देतात. अशा छतांचं भिजलेलं वजन साधारण ६० ते १५० किलोंच्या दरम्यान राहतं.

शिवाय आपल्या गच्चीवर एक ओझं आधीच बसलेलं असतं, ते कुणी मोजत नाही: विटांच्या तुकड्यांचा कोबा. दहा-बारा सेंटीमीटरांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात जातं. गळका कोबा फोडून त्या जागी पातळ जलरोधक पडदा घातला, की स्लॅबला बरीच उसंत मिळते. अर्थात हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरनं करायचा. सळ्या गंजून फुगल्या असतील, पोपडे पडत असतील, तर आधी दुरुस्ती. लाकडी तुळयांवरच्या जुन्या चाळींना तर हे नकोच.

आता गळती. पाणी मुरतं ते बहुधा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, नाहीतर पावसाळी पाइपाच्या तुंबलेल्या तोंडाशी. त्याच फटीत पिंपळाचं बोटभर रोप उगवतं आणि दोन वर्षांत त्याचं मूळ प्लास्टर उचलतं. यावर उपाय ठरलेले आहेत: मुळं रोखणारा पडदा, पाइपाभोवती खडीचा मोकळा पट्टा, आणि माती चढवण्याआधी ४८ तास पाणी कोंडून घेतलेली चाचणी. एवढं केलं, की माती जलरोधक थराची वैरी राहत नाही. उन्हानं तापणं आणि रात्री आकसणं यांनी तो थर तडकतो. मातीखाली त्याला दोन्हींपासून आडोसा मिळतो. हे नवंही नाही: झुरिकच्या वोलिशोफेन भागातल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या काँक्रीट छतांवर १९१४ साली माती पसरली गेली. तिथे आज रानऑर्किडांसह दीडशेहून अधिक जातींच्या वनस्पतींचं कुरण आहे.

‘गच्ची थंड ठेवायला त्यापेक्षा पांढरा रंग स्वस्त’ हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. भार न पेलणाऱ्या किंवा टँकरवर जगणाऱ्या इमारतीसाठी रंगच योग्य. पण रंग पाणी धरत नाही. शंभर चौरस मीटरच्या थरानं दहा मिलिमीटर पाऊस शोषला, तर एक हजार लिटर पाणी गटारात जायचं थांबतं. मुंबईतल्या २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीसारख्या पावसापुढे याचा उपयोग नाही. रोजच्या सरींपुढे नक्की आहे.

उन्हाविरुद्ध असं छत शिकागोनं जुन्याच इमारतीवर करून दाखवलं. जुलै १९९५च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून अधिक माणसं दगावली होती. पुढे २००० साली, महापौर रिचर्ड डेली यांच्या काळात, १९११च्या नगरसभागृहाच्या छतावर सुमारे २०,३०० चौरस फुटांची बाग उभारायला सुरुवात झाली. त्याच इमारतीचा दुसरा अर्धा भाग काउंटीचा, तो डांबरी काळाच राहिला. ऑगस्ट २००१ मधल्या एका दुपारी काळा पृष्ठभाग सुमारे ७६ अंश सेल्सिअसला पोचला, तर झाडांखालचा ३३ ते ४८ अंशांदरम्यान होता.

आपल्याकडे दर काही वर्षांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी काढावीच लागते. कोबा फुटेल, स्लॅब उघडा पडेल, इंजिनिअर वर येईल; हिरव्या छताचा प्रस्ताव त्या कामाच्या निविदेआधी सभेपुढे यायला हवा.